त्रैक्य: एका अवघड शब्दाची वाटचाल

कुरुंदवाडहून वाडीला जायचं तर पंचगंगेवरचा पूल ओलांडायचा. वाडी म्हणजे नृसिंहवाडी, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. देवळाकडे वळलं की पेढ्यांची आणि बासुंदीची दुकानं लागतात, त्यांच्या जोडीला तसबिरींची. प्रत्येक तसबिरीत तीन मुखांचा, सहा हातांचा दत्त. मागे गाय, पायाशी चार कुत्री. गाभाऱ्यात मात्र पूजा पादुकांची. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, "दत्ताला तीन तोंडं, मग निवद कुठल्या तोंडाला दाखवायचा?" आजी म्हणाली, "पाय एकाच जोडीचं हाईत न्हवं? तिथं डोकं टेक."

घाटावर हे उत्तर पुरतं. जगात दुसरीकडे याच प्रश्नावर, देव एक की तीन यावर, परिषदा भरल्या, बिशप हद्दपार झाले, मिगेल सर्वेतुस नावाचा स्पॅनिश वैद्य १५५३ साली जिनिव्हात जिवंत जाळला गेला. आणि १८८४-८५ साली एका मराठी बाईनं इंग्लंडात बसून या प्रश्नावर अशी पत्रं लिहिली की ती वाचणाऱ्या नन अस्वस्थ झाल्या. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, तरी देव एकच, या ख्रिस्ती सिद्धान्ताला मराठीत 'त्रैक्य' म्हणतात. ज्यांना तो बोलायला लावला गेला त्यांतल्या काहींच्या घशात हा शब्द अडकला. त्यांचा हा मागोवा.

आधी शब्दच पाहू. बंगाली, मल्याळी आणि तमिळ ख्रिस्ती 'त्रित्व' या घराण्यातला शब्द वापरतात. त्रित्व म्हणजे तीनपणा. एकाचा त्यात उल्लेख नाही. मराठीनं 'त्रि'ला 'ऐक्य' जोडलं. संधीच्या नियमानं ते 'त्र्यैक्य' व्हायला हवं होतं, पण वापरणाऱ्यांच्या जिभेनं मधला य गिळून टाकला. घडणीत थोडा वाकडा असला तरी शब्द हुशार आहे. तीन कसे आणि एक कसा, हा अख्खा वाद त्यानं अडीच अक्षरांत कोंबला आहे.

'त्रिमूर्ती' हा आयता शब्द का घेतला नाही, हे वाडीच्या दुकानासमोर उभं राहिलं की कळतं. त्रिमूर्तीत कामाची वाटणी आहे: ब्रह्मदेवानं निर्माण करायचं, विष्णूनं सांभाळायचं, महेशानं संपवायचं. ख्रिस्ती सिद्धान्ताला अशी वाटणी मान्य नाही. तिघांचं कर्तृत्व एकच, असं तो म्हणतो. शिवाय अडचण व्यवहाराचीही होती. मोरभट दांडेकरांनी १८३१ साली मुंबईत हिंदू धर्माच्या बाजूनं पुस्तक लिहिलं आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी लगेच त्याचं खंडन छापलं, तेव्हापासून पुराणातल्या देवांच्या कथा हे मिशनऱ्यांच्या हल्ल्याचं आवडतं ठिकाण होतं. ज्या देवांवर रोज टीका करायची त्यांच्याच नावानं आपला देव कसा सांगणार? म्हणून शेजारचा शब्द टाळून नवा घडवला.

गंमत अशी की दत्ताचीही एक-तीनची भानगड आहेच. महानुभाव पंथ दत्तात्रेय प्रभूंना मानतो तो एकमुखी. गुरुचरित्राच्या परंपरेत, म्हणजे नृसिंह सरस्वतींच्या आणि आमच्या वाडीच्या परंपरेत, दत्त त्रिमुखी. महानुभावांची हेटाळणी आपल्याकडे पुष्कळ झाली, पण ती तोंडांच्या संख्येवरून झाली नाही. देव किती तोंडांचा, याचं लेखी कबुलीपत्र इथं कुणी कुणाकडे मागितलं नाही. ख्रिस्ती जगात ते मागितलं गेलं, आणि सगळा पेच त्या मागण्यातून आला.

सिद्धान्ताचं मूळ नाव ग्रीक. 'त्रियास' हा शब्द ख्रिस्ती लेखनात प्रथम दिसतो तो अंत्युखियाच्या थिओफिलसकडे, इसवी सन १८०च्या सुमाराला. त्यानंतर वीस-तीस वर्षांत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुलियननं लॅटिनमध्ये 'त्रिनितास' रूढ केला आणि सूत्र बांधलं: द्रव्य एक, 'पर्सोना' तीन. पर्सोना म्हणजे नाटकातला मुखवटा, त्यावरून पात्र, आणि रोमन कायद्याच्या भाषेत पक्षकार. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या अरियस नावाच्या धर्मोपदेशकानं सरळ प्रश्न टाकला. पुत्र जर जन्मला, तर जन्मण्याआधी तो नव्हता. मग तो पित्याच्या बरोबरीचा कसा? त्यानं आपलं म्हणणं गाण्यांत बांधलं. ३२५ साली निकाया इथं बादशहा कॉन्स्टंटाइननं बिशपांची परिषद बोलावली आणि निकाल अरियसच्या विरोधात गेला. पुत्र पित्याशी 'होमोउसिओस', एकाच सत्त्वाचा, असं ठरलं. पुढं काहींनी तडजोड सुचवली: 'होमोइउसिओस', सारख्या सत्त्वाचा. फरक एका अक्षराचा. आपल्याकडे एखादी वेलांटी चुकली तर फार तर शिक्षक कान धरतात. तिथं त्या अक्षरावर साम्राज्य फाटायची वेळ आली.

३८१ साली कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेत पवित्र आत्म्याची बाजूही पक्की झाली. त्या दिवसांत त्या शहरात वाद किती मुरला होता, याची तक्रार निस्साच्या ग्रेगरीनं करून ठेवली आहे. पावाची किंमत विचारावी तर पाववाला सांगे की पिता पुत्राहून थोर आहे. न्हाणीघराचा चाकर पाणी तापलं का ते सांगायचं सोडून पुत्र शून्यातून घडला म्हणे. वाडीला बासुंदीचा भाव विचारल्यावर दुकानदारानं अद्वैत की द्वैत यावर तोंड सोडावं, तसं.

'पर्सोना' मराठीत आला तो 'व्यक्ती' होऊन: देव एक, व्यक्ती तीन. माझ्या मते मराठी माणसाचा खरा घोटाळा इथं झाला. संस्कृतात व्यक्ती म्हणजे व्यक्त होणं, प्रकट होणं. गीतेत हा शब्द त्याच अर्थानं येतो. त्या अर्थानं घेतलं तर एकच देव तीन वेळा, तीन रूपांनी प्रकटला, असं होतं. हे मत ख्रिस्ती जगात तिसऱ्या शतकातच पाखंड ठरलं होतं. सबेलियसच्या नावानं ते ओळखतात. आणि व्यक्ती शब्द आजच्या मराठीच्या अर्थानं घेतला, तर तीन व्यक्ती म्हणजे तीन माणसं, म्हणजे तीन देव. तेही पाखंडच. शास्त्री ऐकेल तर एका बाजूला घसरेल, शेतकरी ऐकेल तर दुसऱ्या बाजूला. अनुवादकाला दोष देण्यात अर्थ नाही. मुखवट्यावरून निघालेल्या लॅटिन शब्दाचीही हीच गत झाली होती.

गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी हा धोका पत्करलाच नाही. इंग्लंडातून आलेला जेझुइट थॉमस स्टीफन्स याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, अस्सल मराठी वळण, आरंभी पुराणासारखं नमन. पण तिसऱ्याचं नाव त्यानं 'स्पिरितु सांतु' असंच ठेवलं. कोकणीत त्रैक्याला आजही पोर्तुगीज वळणाचा 'त्रिंदाद' म्हणतात, आणि त्रिंदाद हे गोव्यात आडनावही आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवलेले नामवंत चित्रकार अँतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांचं आडनाव म्हणजे हाच सिद्धान्त. भाषांतर केलंच नाही तर चुकीचं भाषांतर झालं असं कुणी म्हणू शकत नाही; पाद्र्यांचा हा हिशेब पक्का होता.

भाषांतर करायला बसल्यावर काय होतं, ते बंगालनं दाखवलं. श्रीरामपूरचे बाप्टिस्ट मिशनरी देशी भाषांत बायबल उतरवत होते; त्यांच्या विल्यम केरीनं मराठी व्याकरण १८०५ साली काढलं आणि १८११ पर्यंत मराठी नवा करारही छापून झाला. त्याच मिशनचा तरुण स्कॉटिश मिशनरी विल्यम अॅडम राममोहन रॉय यांच्याबरोबर नवा करार बंगालीत उतरवत होता. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी अडलं. सगळं काही शब्दाकडून, म्हणजे पुत्राकडून, निर्माण झालं, की त्याच्याद्वारे? ग्रीक शब्दयोगी अव्यय आहे 'दिआ'. 'कडून' म्हटलं तर पुत्र स्वतः कर्ता. 'द्वारा' म्हटलं तर कर्ता वेगळा, पुत्र माध्यम. राममोहन 'द्वारा'वर अडले. वाद घालता घालता अॅडमचं मतच पालटलं आणि १८२१ साली तो त्रैक्य सोडून एकेश्वरवादी, युनिटेरियन, झाला. कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी त्याला दुसरा पतित आदाम म्हणून हिणवलं. राममोहननी श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमनशी तीन पुस्तिकांतून दोन हात केले. शब्दयोगी अव्ययावरून धर्म बदलल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही. आमच्या वाडीला कृष्णेच्या पुराचं पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दरवाजानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वाराला लोक लांबून स्नानाला येतात. कृष्णा दाराकडून आली असं तिथं कुणी म्हणत नाही. ती दारातून आली, हे सगळ्यांना दिसतं.

आमच्या मुलखात हा सिद्धान्त आला तो प्रेस्बिटेरियन पोशाखात. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात उतरले, शाळा काढल्या. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च कोल्हापुरात आहे. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली उभं केलेलं मिशनचं इस्पितळ तर दक्षिण महाराष्ट्रातल्या घराघराला माहीत. तिथं जाणाऱ्या रोग्यांपैकी किती जणांनी एकाच सत्त्वाच्या तीन व्यक्तींचा विचार केला असेल? टाके घालून घरी परतणाऱ्याला एवढंच ठाऊक की डॉक्टर प्रार्थना करून चाकू उचलतात.

खरं तर कुरुंदवाडकराला हे गणित समजावून देणं फारसं अवघड नव्हतं. आमचं संस्थान पटवर्धनांचं. १८५४ नंतर त्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या. मूळ पुरुष एक, घराणं एक, गाव एक, राजे दोन. अविभक्त वतनाचे हिस्सेदार हे उदाहरण कुणी पाद्र्यानं दिलं असतं तर पारावर माना डोलल्या असत्या. पण पाद्र्याला ते देता आलं नसतं. हिस्सा आला की तीन देव आले, आणि थोरला-धाकटा म्हटलं की अरियस आला.

या वादात पहिल्या काही शिकल्यासवरल्या मराठी माणसांनी आपापलं डोकं घातलं, त्यांत दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. मराठी व्याकरणकार ते हेच. त्यांचं व्याकरण १८३६ सालचं. परमहंस सभेच्या मुळाशी असलेल्या या माणसानं म्हातारपणी स्वीडनबोर्ग वाचला. अठराव्या शतकातल्या या स्वीडिश शास्त्रज्ञाला तीन व्यक्ती मान्य नव्हत्या. माणसात जीव, देह आणि कृती असतात तसं त्रिकूट एकाच प्रभूत आहे, असं तो म्हणे. एक हिंदू गृहस्थ या नात्यानं त्यावरचं आपलं चिंतन दादोबांनी इंग्रजीत लिहिलं. ते १८७८ साली लंडनला छापलं गेलं. कर्ता, कर्म, क्रियापद यांत हयात घालवलेल्या माणसाला जीव, देह, कृती ही मांडणी भावली, तर नवल नाही.

आता रमाबाई. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडात वाँटेज इथं झाला, मुलगी मनोरमाबरोबर. संस्कृत घरातच शिकलेली, पुराणं सांगत देशभर पायी हिंडलेली ही विधवा कलकत्त्याला ब्राह्मो समाजातून आणि पुण्याला प्रार्थना समाजाच्या मंडळींतून गेली होती. म्हणजे एक निराकार देव तिच्या हाडीमासी होता. कानांनी नीट ऐकू येत नसल्यानं डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. १८८४ साली त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवायला आणि स्वतः शिकायला गेल्या. तिथल्या प्राचार्य डोरोथिया बील, आणि वाँटेजला त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन. जेराल्डिनना रमाबाई पत्रात 'आजीबाई' म्हणत.

या आजीबाईंना नातीनं कळवलं की ख्रिस्ताला देवाच्या बरोबरीनं बसवणं आपल्याला जमत नाही. कुमारीच्या पोटी जन्म पटत नाही. अथनेशियसच्या नावावर चालणारी कबुली तर मुळीच नको. त्या कबुलीत पिता अनंत, पुत्र अनंत, आत्मा अनंत, तरी तीन अनंत नव्हेत, अशी माळच्या माळ आहे, आणि हे न मानणाऱ्याचा नाश होईल अशी ताकीदही. रमाबाईंचा प्रश्न असा की येशूनं आपल्या शिष्यांकडून असं काही वदवून घेतलं होतं का? जेराल्डिनना हा अहंकार वाटला, युनिटेरियन पुस्तकांचा परिणाम वाटला. बीलबाई मूळच्या गणिताच्या शिक्षिका. त्यांनी दटावलं नाही, उपमा दिल्या, वाट पाहिली. ही पत्रं ओळीनं वाचताना बीलबाईंविषयी आदर वाढत जातो. जेराल्डिनविषयी मात्र वाटतं की प्रेम होतं, पण ते प्रेम सतत आज्ञा मागत होतं.

कारण तोवर भांडण त्रैक्याच्या पलीकडे गेलं होतं. रमाबाईंनी इंग्रज तरुणांना देशी भाषा शिकवू नये म्हणून हिंदुस्थानातल्या बिशपांनी आक्षेप घेतले. गळ्यातल्या क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरून वाद झाला. लॅटिन संस्कृतहून अधिक पवित्र कशी, हा रमाबाईंचा सवाल. मायदेशातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, आता दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी १८८५ साली स्वच्छ लिहून टाकलं. मला वाटतं, त्यांना तीन आणि एक यांचं गणित येत नव्हतं असं नाही. वेदान्त प्यालेल्या बाईला एकात अनेक सांगणं म्हणजे कोल्हापूरकराला तिखटाची ओळख करून देणं. न समजलेलं समजलं म्हणून सही करायला त्या तयार नव्हत्या, एवढंच. माझ्या आजीचं उत्तर चेल्टनहॅमला चाललं नसतं. तिथं पायावर डोकं टेकून भागत नव्हतं, कागदावर नाव लागत होतं.

त्यांची समजूत घालायला मराठी माणूसच पुढं आला. नेहेम्या गोरे, पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री, झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले कोकणस्थ. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती मताच्या विरोधात संस्कृत ग्रंथ लिहिला आणि १८४८ साली जौनपूरला स्वतःच बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताच्या देवत्वाचे पुरावे त्यांनी एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्राच्या रूपानं इंग्रजीत मांडले. ते मुंबईत १८८७ साली छापलं गेलं. तो स्नेही म्हणजे रमाबाई. एक शास्त्री दुसऱ्या शास्त्रीणबाईला अरियसच्या विरुद्ध कौल देतो आहे, हे दृश्य निकायाच्या बिशपांच्या स्वप्नातही आलं नसेल.

रमाबाई तोवर अमेरिकेला पोचल्या होत्या. विधवांच्या शाळेसाठी १८८७च्या अखेरीस बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, पक्के युनिटेरियन. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स, ज्यांच्या चर्चचं नावच ट्रिनिटी. वाँटेजला जे एका छपराखाली मावलं नाही ते बॉस्टनला एका टेबलाभोवती बसलं, आणि त्या पैशातून ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं.

आमच्या पटवर्धनी मुलखातला एक धागा अजून राहिला. विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे. कुरुंदवाडसारखंच पटवर्धनांचं संस्थान, आज कर्नाटकात. रमाबाईंचा आणि त्यांचा जन्मदिवस एकच, २३ एप्रिल. त्या १८५८च्या, हे १८७३चे. प्रार्थना समाजाच्या वाटेनं युनिटेरियनांची शिष्यवृत्ती मिळून ते १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. ऑक्सफर्ड विद्यापीठात एकेकाळी अँग्लिकन चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही केल्याशिवाय पाऊल ठेवता येत नसे, आणि त्यातलं पहिलं कलम त्रैक्याचं. ती अट १८७१च्या कायद्यानं पुरती गेली. इंग्लंडात त्रैक्य नाकारणं हाच १८१३ पर्यंत कायद्यानं गुन्हा होता. मँचेस्टर कॉलेज अशी कबुली कुणाकडूनच घेत नसे. जमखंडीचा मराठा तरुण तिथं दोन वर्षं तौलनिक धर्म शिकला, १९०३ साली अॅमस्टरडॅमला उदार धर्मवाद्यांच्या परिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर बोलला आणि परत आला. त्याला ख्रिस्ती हो असं कुणी म्हटलं नाही. १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. एक देव मानायचा तर त्याच्या लेकरांना वेगळ्या पंगतीला बसवता येत नाही, हा अर्थ त्यांनी काढला. निकायाच्या बिशपांना एकपणातून हा अर्थ काढायला सवड मिळाली नव्हती.

रमाबाई पुढं बदलल्या. १८९१च्या सुमाराला त्यांच्या श्रद्धेला नवं वळण मिळालं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पवित्र आत्म्याच्या नावानं मोठी जागृती झाली. ज्या तिसऱ्याविषयी चेल्टनहॅमला काहूर होतं तो केडगावच्या प्रार्थनागृहात घरचा झाला. त्यांना कुणी वादात हरवलं नव्हतं. त्या आपल्या पायांनी तिथवर गेल्या, म्हणून तो विश्वास मला खरा वाटतो. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत उतरवायला बसल्या. कठीण शब्द नकोत, खेड्यातल्या बाईला कळलं पाहिजे, हा आग्रह. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. भाषांतर पुरं झालं होतं. ते मुक्तीच्याच छापखान्यात १९२४ साली छापून निघालं. मूळ हिब्रूतला आणि ग्रीकमधला शब्दन् शब्द त्यांनी हाताळला, पण 'त्रैक्य'ला मराठी प्रतिशब्द शोधायची वेळ त्यांच्यावर आली नाही. बायबलच्या मुळात तो शब्द कुठंच नाही.